बाकीचं आमी पायतो

अकोल्याच्या तोष्णीवाल ले-आऊटमध्ये सायंकाळी शिकवणीवर्ग सुटण्याच्या वेळी क्षणभर थांबून पाहिले, तर पाठीवर दप्तराचे ओझे आणि मुद्रेवर अकाली प्रौढत्व घेऊन बाहेर पडणाऱ्या त्या लोंढ्यात खारपाणपट्ट्यातील कास्तकाराचे पोरही असते आणि सरकारी अंमलदाराचा मुलगाही असतो, आणि दोघांच्याही घरी त्यांना रोज ऐकवले जाणारे वाक्य बहुधा एकच असते : "बापू, तू निरा अभ्यास कर, बाकीचं आमी पायतो."

या वाक्यामागील वात्सल्याविषयी मला यत्किंचितही शंका नाही. भाकर हातावर घेऊन खावी, पण लेकराला शिकविल्यावाचून राहू नये, असे सांगत गाडगेबाबा याच मुलखात कीर्तने करीत हिंडले, आणि कापसाच्या चुकाऱ्यातून शिकवणीची फी भागविणारा आमचा शेतकरी तो उपदेश आजही पाळीत आहे. माझी हरकत आहे ती 'निरा', म्हणजे 'नुसता', या एका शब्दाला. अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर नाही, बाजारातून भाजी आणण्याची तसदी ज्याला कधी पडत नाही, आल्यागेल्याची विचारपूस करणेही परीक्षेच्या सबबीवर ज्याला माफ आहे, तो मुलगा वर्गात पहिला येईलही. परंतु स्वतःच्या घरात मात्र तो पाहुणाच राहतो.

संगोपनाची याहून सर्वस्वी निराळी रीत पाहावयाची असेल, तर फार दूर जावयास नको. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे जावे. गाडगेबाबांच्याच वाटेने चालणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी, कोणी स्थानकावर तर कोणी उकिरड्यावर टाकून दिलेली अंध, मूकबधिर, मतिमंद बालके तेथे वाढविली, दप्तरी पित्याच्या रकान्यात स्वतःचे नाव लावले, आणि अठरा वर्षे पुरी होताच बालगृह सोडण्याचा दंडक अशा मुलांना लागू न करता त्यांना आजन्म आसरा मिळावा, यासाठी वर्षानुवर्षे सरकारदरबारी तगादा लावला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि जळगाव स्थानकावर कचऱ्यात सापडलेली त्यांची एक दृष्टिहीन कन्या त्याच वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

ही वार्ता आपण सर्वांनी कौतुकाने वाचली, आणि तो निकाल आपल्या मुलांपुढे उदाहरण म्हणून ठेवला. वझ्झरची दिनचर्या मात्र आपण त्यांना सांगितली नाही. तेथे ज्याला चालता येते तो न चालणाऱ्याला सांभाळतो, मोठी मुले धाकट्यांना भरवितात, आणि उजाड माळावर आज उभी असलेली हजारो झाडे जगविण्यात या मुलांचेही हात लागलेले आहेत. जगाने ज्यांना निरुपयोगी ठरवून टाकले, त्यांच्यावाचून तेथे कोणाचे तरी अडते. आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, या जाणिवेइतके मुलाला वाढविणारे दुसरे पथ्य मला ठाऊक नाही.

याचा अर्थ पोरांना कामाला जुंपावे, असा कोणी घेऊ नये. हाती खुरपे आले म्हणून पाटी सुटली, अशा पिढ्या वऱ्हाडाने पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या दुःखाच्या आठवणीतूनच आईबापांच्या तोंडी हे 'निरा' आले आहे, हे मी जाणतो. पण खुरप्याच्या भयाने तांब्याही काढून घेणे, हा त्या दुःखावरचा उपाय खचित नव्हे.

तेव्हा आईबापांना विनंती एवढीच की, त्या 'बाकी'तला एक लहानसा वाटा मुलाच्या नावे लावून द्यावा. मग तो आजीच्या औषधांचा असो, अंगणातल्या रोपाचा असो, की धाकट्या बहिणीच्या पाढ्यांचा असो. आणि परीक्षा तोंडावर आली, या सबबीवर तो परत घेऊ नये.

— वऱ्हाडकर