हिस्टॉलॉजीच्या स्लाइड्स आता मोबाइलवर: तुमच्या बायोप्सीशी त्याचा काय संबंध?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की घरातलं कुणीतरी त्यातला सगळ्यात अवघड शब्द मोबाइलवर शोधतं. समोर गुलाबी-जांभळी चित्रं येतात. ती चित्रं बऱ्याचदा तुमच्यासाठी टाकलेली नसतात. ती वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि गेल्या काही वर्षांत ती सगळ्यांना मोफत दिसू लागली आहेत. त्यामुळे माझ्याकडे येणारे नातेवाईक आता रिपोर्टसोबत स्क्रीनशॉटही दाखवतात. त्यात गैर काही नाही. पण ही चित्रं कशासाठी बनवली आहेत, हे कळलं तर रात्रीची झोप थोडी कमी उडेल.

हिस्टॉलॉजी म्हणजे शरीरातल्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची ओळख. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी ती शरीररचनाशास्त्रात शिकवतात. यकृत कसं दिसतं, मूत्रपिंड कसं, आतड्याचं अस्तर कसं, सगळं निरोगी. रोगट ऊती नंतर, पॅथॉलॉजीत येतात. माझ्या पिढीने हे काचेच्या स्लाइडवर शिकलं. एका सूक्ष्मदर्शकाभोवती चार-पाच जण, आणि हातात जांभळी व गुलाबी पेन्सिल. पेशीकेंद्र जांभळं, बाकीचं गुलाबी, असं जर्नलमध्ये रंगवायचं. हे रंग निसर्गाचे नाहीत. ऊती मुळात जवळजवळ रंगहीन असते. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही दोन रंगद्रव्यं टाकल्यावर ती अशी दिसते.

आता तीच काच स्कॅनरमध्ये घालून संपूर्ण स्लाइडचं एकच प्रचंड चित्र बनवतात. एका पिक्सेलमध्ये साधारण पाव मायक्रॉन, म्हणजे नखाएवढ्या तुकड्याचं चित्र काही अब्ज पिक्सेलचं होतं. नकाशासारखं बोटाने मोठं करत थेट पेशीपर्यंत जाता येतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचा स्लाइडसंग्रह, मिनेसोटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी उभं केलेलं ‘हिस्टॉलॉजी गाइड’, रोगट ऊतींसाठी युटा विद्यापीठाचं ‘वेबपाथ’, हे आपल्याकडच्या मुलांनाही माहीत असतात. २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा अशाच साधनांवर अनेकांचा अभ्यास चालला.

आपल्याकडे याची गरज खरी आहे. देशात २०१४ मध्ये एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या आसपास होत्या, आता त्या एक लाखाच्या वर गेल्या आहेत. अनुभवी शिक्षक त्या वेगाने तयार होत नाहीत. चांगल्या स्लाइड्सचंही तेच: जुन्या फिक्या पडतात, फुटतात. लहान गावातल्या नव्या कॉलेजच्या मुलीला मिशिगनच्या मुलासारखीच उत्तम स्लाइड दिसते, हे मला मोठं काम वाटतं. ‘स्क्रीनवर शिकलेले डॉक्टर कच्चे’ हे म्हणणं मला पटत नाही. कच्चेपणा येतो तो फक्त उत्तम स्लाइड पाहिल्याने, आणि इथूनच तुमचा संबंध सुरू होतो.

एकच पेशी, दोन अर्थ

शिकवण्यासाठी निवडलेली स्लाइड सर्वांत स्वच्छ असते. तुकडा नीट कापलेला, रंग नेमका, ग्रंथी सरळ उभी. खरी बायोप्सी अशी क्वचितच असते. दुर्बिणीच्या चिमट्याने ओढलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा चेपलेला असू शकतो. तिरका कापला गेला तर पेशींचा एकच थर तीन-चार थरांसारखा दिसतो. भोवती सूज असली तर निरोगी पेशीही मोठ्या आणि विचित्र दिसतात.

एका गृहस्थांच्या जठराच्या बायोप्सीत ‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया’ असं आलं होतं. मुलाने शोधलं, आणि शेजारी दिसलेलं कर्करोगाचं चित्र वडिलांचंच समजून तो माझ्याकडे आला. या शब्दांचा अर्थ एवढाच की जठराच्या अस्तरात काही ठिकाणी आतड्यासारख्या पेशी आल्या आहेत. बराच काळ सूज राहिल्यावर असं होतं. हा कर्करोग नाही. पुढचा धोका किती, हे तो बदल किती भागात आहे, हेलिकोबॅक्टर जंतू आहे का आणि घरात कुणाला जठराचा कर्करोग होता का, यावर ठरतं. गंमत म्हणजे पेल्याच्या आकाराची तीच गॉब्लेट पेशी मोठ्या आतड्याच्या पानावर ‘निरोगी’ म्हणून दिसते. आतड्यात ती हवीच, जठरात ती नको. तुकडा कुठून काढला हे चित्राला माहीत नसतं. ते रिपोर्ट लिहिणाऱ्याला माहीत असावं लागतं.

ग्रॅन्युलोमाचंही तसंच. हा शब्द दिसला की आपल्याकडे लगेच टीबी म्हणतात. बऱ्याचदा असतोही. पण सारकॉइडोसिस, बुरशी, अगदी राहिलेला टाक्याचा धागासुद्धा ग्रॅन्युलोमा करू शकतो. चित्राच्या जोडीला जंतूंची तपासणी, एक्स-रे आणि रुग्णाची हकिकत लागते.

स्क्रीनवर निदान होतं का?

होतं, पण ते पॅथॉलॉजिस्ट करतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये पहिल्यांदा संपूर्ण स्लाइड स्कॅन करणाऱ्या यंत्रणेला प्राथमिक निदानासाठी मान्यता दिली. २०२१ मध्ये प्रोस्टेटच्या बायोप्सीत संशयास्पद जागा दाखवणाऱ्या एका एआय सॉफ्टवेअरलाही परवानगी मिळाली, तीही पॅथॉलॉजिस्टच्या मदतीला, त्याच्याऐवजी नव्हे. तालुक्याच्या गावात केलेल्या शस्त्रक्रियेचा तुकडा आज गाडीने किंवा कुरिअरने शहरात जातो. उद्या प्रयोगशाळा तिथेच असेल आणि स्लाइडचं फक्त चित्र तज्ज्ञाकडे जाईल, तर दिवस वाचतील. या बदलाची मी वाट पाहतो आहे.

मोबाइलने काढलेला स्लाइडचा फोटो चॅटबॉटला दाखवून उत्तर मागणं मात्र वेगळं. फोटोत स्लाइडचा एक कोपरा येतो. कर्करोग शेजारच्या कोपऱ्यात असू शकतो. आणखी एक नवी अडचण आहे: एआयने बनवलेली ऊतींची खोटी चित्रं. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी खरी आणि बनावट चित्रं शेकडो लोकांना दाखवली. हिस्टॉलॉजी शिकलेल्यांनाही ती खात्रीने ओळखता आली नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांना आणि तुम्हालाही माझं सांगणं एकच: चित्र कुठल्या विद्यापीठाचं, कुठल्या अवयवाचं, कुठला रंग वापरलेला, हे लिहिलेलं नसेल तर ते पान बंद करा.

तुमच्या हातात काय आहे

चित्र कितीही भारी स्कॅनरने काढलं, तरी तुकडा खराब झाला तर सगळं संपलं. आपल्याकडे तुकड्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात देतात. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडालेला हवा, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. बाटली सांडली तर पाणी घालून भरू नका. जिथून आणली तिथे लगेच परत जा. नाव, वय आणि तुकडा कुठला, हे बाटलीवर लिहिलंय ना, ते निघण्याआधी बघा. टीबीचा संशय असेल तर तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनशिवाय, वेगळ्या निर्जंतुक बाटलीत जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होत नाही. हे बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

दुसरं मत हवं असेल तर फोटो नको, रिपोर्टही एकटा पुरत नाही. तुमचा तुकडा मेणात बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे नवे काप काढता येतात आणि वेगळे रंग देता येतात, त्यामुळे बहुतेक वेळा पुन्हा बायोप्सी लागत नाही. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड्स मागा, पावतीवर सही करा, आणि सोबत स्कॅन, एंडोस्कोपीचा रिपोर्ट व जुन्या आजारांचे कागद न्या. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.