दगड खाली, कागद वर

पेरणीचे दिवस आले की वनजमीन कसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आपण पेरायचं आणि कुणी येऊन उभ्या पिकात नांगर घातला तर? बैठकीत तरुण पोरं विचारतात, “आपलं पीक वाचवायला काठी उचलली तर गुन्हा कसा?” प्रश्न रास्त आहे.

मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क कायद्यानेच दिलाय. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पंजाबातल्या पूरण सिंग खटल्यात १९७५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ताबा पक्का बसलेला असेल आणि कसणाऱ्याने पीक घेतलं असेल, तर ते पीक मोडायचा हक्क खऱ्या मालकालाही नाही.

पण या हक्काला बांध आहेत. सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल, तर हाणामारीचा हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पिकात शिरलेल्याला हुसकावता येतं. तो पळाल्यावर गाठून डोकं फोडलं तर गुन्हा आपल्यावर. नुसत्या घुसखोरीसाठी कुणाचा जीव घेता येत नाही.

वनखात्याच्या माणसाचं आणखी वेगळं. तो कामाच्या नात्याने, प्रामाणिकपणे वागत असेल आणि जिवाला किंवा जबर दुखापतीचा धोका नसेल, तर त्याचं कायद्यात थोडं चुकलं तरी हात उचलता येत नाही. उचलला की कलम १३२. दगड एकाने मारला तरी जमावातल्या सगळ्यांवर गुन्हा लागू शकतो. मग पीक राहतं शेतात आणि आपण कोर्टाच्या तारखांना.

म्हणून गप्प बसायचं का? मुळीच नाही. आधी लेखी हुकूम मागा. वनहक्क कायदा २००६ चं कलम ४(५) दाखवा: दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून काढता येत नाही. दाव्याची पोच घरात हाताशी ठेवा. नासधूस झाली तर फोटो काढा, साक्षीदारांची नावं लिहा, पंचनाम्याचा आग्रह धरा, त्याच दिवशी ग्रामसभा बोलवा. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने आदिवासीच्या वनहक्कात आडकाठी केली किंवा पीक मोडलं, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करता येते.

आम्ही भ्यायला सांगत नाही. बायाबापड्यांसकट सगळी वस्ती बांधावर उभी राहू द्या. पण हातात दगड नको, कागद हवा. आपण तुरुंगात गेलो तर शेत कसणार कोण?

जिंदाबाद!