समजावणे की गळी उतरवणे?

गेल्या काही वर्षांत बिटकॉइन व तत्सम कूटचलने ‘सामान्य माणसाला सोप्या भाषेत’ समजावून देणाऱ्यांचा एक नवा वर्ग उदयास आला आहे. त्यांचे ऐकून आमच्या परिचयाच्या काही घरांत निवृत्तीच्या पुंजीला पाय फुटू लागले आहेत. सोपे सांगण्यास आमची हरकत नाही. आमचा आक्षेप आहे तो समजावणे आणि गळी उतरवणे या दोन भिन्न क्रिया एकच मानण्यास.

शब्दच पाहा. ‘नाणे’ म्हणतात, तेथे नाणे नाही. ‘खाणकाम’ म्हणतात, तेथे खाण नाही. वास्तविक जे आहे ते कोणत्याही मराठी घरात सहज कळेल : एक खातेवही. अमुक खात्यातून तमुक खात्यात इतके जमा, एवढीच तिच्यातील नोंद. वहीच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात, म्हणून एकट्याने केलेली खाडाखोड टिकत नाही. नवे पान जोडण्याचा मान, एका विशिष्ट आकड्याच्या शोधात जो प्रथम यशस्वी होईल त्याला. त्यापायी अफाट वीज जळते आणि बक्षीस म्हणून नवी बिटकॉइन मिळतात; २००९ मध्ये पानामागे ५०, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. ‘पाकिटा’त असते ती केवळ खात्याची गुप्त किल्ली. ती हरवल्यास कोणत्याही कचेरीत अर्ज करता येत नाही, कारण कचेरीच नाही. (आयुष्यभर अर्ज स्वीकारत आलेल्या आम्हाला हे विशेष जाणवते.)

एवढे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. पण त्याने विक्री होत नाही. म्हणून ‘डिजिटल सोने’ पुढे येते. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांहून अधिक निघणार नाहीत, सबब भाव चढणारच, असा युक्तिवाद केला जातो. दुर्मिळ ते सारे मौल्यवान असते, तर या पत्रिकेचे जुने अंक विकून आम्ही सभागृहाचे छप्पर केव्हाच दुरुस्त केले असते! नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेला भाव वर्षभरात १६ हजारांच्या आसपास उतरला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तो १ लाखापलीकडे गेला, हेही सांगितले पाहिजे. असे हेलकावे खाणारे सोने लेकीच्या लग्नासाठी कोणी साठवले असते काय?

आमच्या इंदूरच्या सराफ्यात हुंडी चाले ती मागे पेढीची पत होती म्हणून. येथे मागे कोण? जनकाचे ‘सातोशी नाकामोतो’ हे नावही टोपणनाव. मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागत नाही हेच तर वैशिष्ट्य, असे समर्थक म्हणतात. मग सामान्य ग्राहक खरेदीला जातो कोठे? बहुधा मध्यस्थाकडेच! नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडाले. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडील वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरच्या घरात चोरी झाली. वही शाबूत राहिली, पैसे गेले ते ग्राहकांचे. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. येथे तेही नाही.

‘सरकारने कर लावला, म्हणजे मान्यता दिली’ हा तर कळस. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा होत नाही. कायदा यास चलन म्हणतच नाही, ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हणतो. प्राप्तिकर तर बेकायदा कमाईवरही लागतो. ती काय मान्यता समजायची?

अशा व्याख्यात्यांनी आमच्या सभागृहात अवश्य यावे. श्रोत्यांनी खरेदी केल्यास त्यांना स्वतःला दलाली किती मिळते, तेवढे मात्र त्यांनी प्रारंभीच सांगावे.