केस गळाले म्हणून सोयरीक मोडू नका



बुलढाणा जिल्हा आम्हां बऱ्हाणपूरकरांस परका नाही. सातपुडा उतरला की जळगाव जामोद, भुसावळला गाडी बदलली की शेगाव. लेकी-सुना इकडच्या तिकडे नांदतात. तेव्हा शेगाव तालुक्यात जे घडले त्याची दखल या पानाने घ्यावयास हवी.

डिसेंबर २०२४ अखेर बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटली, केस मुठीत येऊ लागले, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडले. कोणी शांपूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. काही पाण्यात नायट्रेट जास्त सापडले हे खरे, पण नायट्रेटाने असे टक्कल पडल्याचे ऐकिवात नाही. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (विंचवाच्या दंशावरील उपचारामुळे आपण त्यांना ओळखतो) गावांत गेले. १८ गावांतील २७९ लोकांना ही बाधा झाल्याचे त्यांनी सांगितले. रुग्णांचे रक्त, लघवी व केस यांत सेलेनियम फार वाढलेले आढळले, आणि घरातला रेशनचा गहू तपासला तेव्हा किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. हा गहू पंजाबकडून आलेला, असे त्यांचे म्हणणे.

आता हिशेब पाहा. प्रौढ माणसाने दिवसाला ०.४ मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम घेऊ नये असे मानतात. अशा गव्हाच्या पाव किलो पिठाच्या पोळ्या खाल्ल्या तर साडेतीन मिलिग्रॅमहून जास्त पोटात जाते, म्हणजे नऊपट. धुऊन, पाखडून ते फारसे जात नाही. ते दाण्यातच असते.

हे जमिनीचे दुखणे आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडच्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच फार. तिथला चारा खाऊन जनावरांचे केस व खूर झडतात, हे पशुवैद्यांना जुने ठाऊक आहे. चीनमधील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात भात बुडाला, लोक तिथल्याच मक्यावर राहिले, आणि गावेच्या गावे केस व नखे गमावून बसली. अशा शेतात जिप्सम घातले तर पीक सेलेनियम कमी ओढते. उपाय आहे, तो शेतावर पोहोचवणे सरकारचे काम आहे. गोरगरिबाला ठरलेले धान्यच खावे लागते, त्याला निवड नसते. म्हणून त्याचे धान्य गोदामातच तपासले जावे, ही आमची मागणी आहे. शेतकऱ्याला शिव्या देऊन काही साधणार नाही.

आम्हांस अधिक खटकले ते निराळेच. त्या गावांतील मुलामुलींची कॉलेजे सुटली, ठरलेली लग्ने अडली. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. गहू थांबवल्यावर पाच ते सात आठवड्यांत काहींचे केस परत येऊ लागले. दीड महिना थांबण्याइतका धीर व्याह्यांना नसावा काय?

प्रत्येक गळती मात्र सेलेनियमची नव्हे. ताप, बाळंतपण, मोठा धक्का यांनंतर केस गळतात ते दोन-तीन महिन्यांनी, आणि बहुधा आपोआप थांबतात. अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी गळतात. पाळी जाण्याच्या वयात डॉक्टर कधी हार्मोनच्या गोळ्या देतात. त्या सुरू केल्यावर वा मात्रा बदलल्यावर काही भगिनींचे केस काही काळ अधिक गळतात. घाबरून, शेजारणीच्या सांगण्यावरून, गोळी मनानेच बंद करू नये. बंद केल्यानेही गळती वाढू शकते. ज्यांनी गोळी दिली त्यांनाच विचारावे, आणि रक्ताची व थायरॉईडची तपासणी करून घ्यावी.

पण घरातल्या दोघातिघांचे केस एकाच आठवड्यात गेले, नखे पिवळी वा ठिसूळ झाली, तर त्या गव्हाची पोळी त्याच दिवशी थांबवा, ज्वारीची भाकरी करा, आणि पोत्यातला किलोभर गहू बांधून जिल्हा रुग्णालयात दाखवायला घेऊन जा.