बेपत्ताचा रकाना कुठे आहे?

कलबुर्गी जिल्ह्यातील तीन तरुण डिसेंबर २०२३ मध्ये नोकरीच्या आशेने रशियात गेले आणि युक्रेनच्या युद्धभूमीवर जाऊन पोहोचले. फेब्रुवारीत त्यांची चित्रफीत पसरली. जिल्ह्याचे प्रभारी मंत्री प्रियांक खर्गे यांनी केंद्राशी संपर्क साधला, मार्चमध्ये सीबीआयने दलालांवर गुन्हा नोंदविला, जुलैत पंतप्रधान मोदी यांनी मॉस्कोत पुतिन यांच्याकडे विषय काढला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिघे मायदेशी परतले.

यंत्रणा हलली, ती चित्रफितीमुळे. तरुण जिवंत होते, बोलू शकत होते. शिवाय खर्गे घराण्याचा जिल्हा, दिल्लीत वजन असलेला. ज्याचा आवाजच थांबला, त्याच्या घरच्यांनी काय करावे? जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रशियन सैन्यातील १२६ भारतीयांचा हिशेब मांडला: ९६ परतले, १२ दगावले, १८ उरले. त्या १८ पैकी १६ जणांचा ठावठिकाणा नव्हता.

सरकारी मदतीची रचना मृताला आणि अडकलेल्याला ओळखते, बेपत्ताला नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाख रुपये मिळतात, पण अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व सिद्ध झाल्यावर, आणि तेही प्रामुख्याने स्थलांतर तपासणी लागू असलेल्या १८ देशांत जाणाऱ्या कामगारांच्या बाबतीत. त्या यादीत रशिया नाही. ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. पुढे वाट पाहायची. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ नुसार सात वर्षे काही कळले नाही, तरच माणूस मृत मानण्याचा मार्ग खुला होतो. तोवर पत्नी ना सुवासिनी ना विधवा, आणि दलालासाठी काढलेले कर्ज मात्र व्याजासह जिवंत. २०१४ मध्ये मोसुलमध्ये अपहृत झालेल्या ३९ भारतीयांच्या कुटुंबांना मृत्यूची अधिकृत वार्ता मार्च २०१८ मध्ये मिळाली. पुरावा हाती येईपर्यंत मृत्यू जाहीर न करण्याची सरकारची भूमिका समजण्यासारखी होती. त्या जवळपास चार वर्षांत चूल कशी पेटावी, हा प्रश्न मात्र कुटुंबांपुढे होताच.

सीमाभागात अडचण दुप्पट होते. औराद, भालकी, आळंद या तालुक्यांतील अनेक घरांत मराठी बोलली जाते, कारभार कन्नडमध्ये चालतो आणि परराष्ट्र मंत्रालयाशी पत्रव्यवहार इंग्रजीत. (सीमाप्रश्नावर हिरिरीने बोलणाऱ्या महाराष्ट्रातील नेत्यांनाही हे अर्ज लिहून देणारा माणूस नेमावासा वाटलेला नाही.) केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. कर्नाटकाने निदान जिल्हाधिकारी कार्यालयात एक खिडकी उघडावी, तक्रार मराठीतही घ्यावी आणि शोध चालू असेपर्यंत कुटुंबाला दरमहा निर्वाह रक्कम द्यावी. माणूस परतला तर ती थांबेल, परत मागितली जाणार नाही, एवढीच अट पुरे.

गोव्यात अनिवासी भारतीयांसाठी आयोग आहे. तरीही जहाजावरून बेपत्ता झालेल्या तारवटीच्या घरी हीच सात वर्षे मोजावी लागतात.