नळी की फट?

गेले तीन वीकएंड मी गाडीच्या डिकीत डोकं घालून काढले. बायकोच्या मते एवढ्या वेळात लोक नवीन गाडी घेतात. विषय होता १० इंची सबवूफरचा खोका, आणि त्यातही फक्त त्याचं भोक. ते गोल नळीचं करायचं की चौकोनी फटीचं?

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की एक ठराविक सूर निघतो ना, पोर्टवाला खोका तेच करतो. पोर्टमधली हवा म्हणजे वजन, खोक्यातली हवा म्हणजे स्प्रिंग. ही जोडी ज्या फ्रीक्वेन्सीला डोलते तिथे आवाज मुख्यतः पोर्टमधून येतो आणि स्पीकरचा कोन जवळजवळ थांबतो. कल्पना नवी नाही; बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरासला याचं पेटंट १९३२ सालीच मिळालं होतं.

मला हवे होते ४५ लिटर आणि ३५ हर्ट्झ. मी फट निवडली. का? तर दिसते झकास! ३ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच, आत काटकोनात वळलेली. मिस्त्रींना कागदावर आकृती दिली, १८ मिमीचा एमडीएफ आणला, रविवारी खोका तयार.

वाजवला तर प्रत्येक गाण्यात एकच बुम्म. ढोल असो, बेस गिटार असो, सगळ्यांचा सूर तोच. मग टेस्ट टोन लावून एकेक हर्ट्झ वर सरकत गेलो, तर कोन ३५ ला नाही, ४४ च्या आसपास शांत होत होता. टेप लावली. फट ४.८ सेंमी! बरोब्बर एका फळीचा फरक. तणतणत मिस्त्रींकडे गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, हे माप आतलं की बाहेरचं, कागदावर लिहिलंयत कुठे?" नव्हतं लिहिलं. असो.

आणि दुरुस्ती? शून्य. फट म्हणजे हार्डकोड केलेली व्हॅल्यू. ती खोक्याच्या भिंतींचाच भाग असते, गोंद वाळला की विषय संपला. नळीचं तसं नसतं. मी दुसऱ्या खोक्याला ड्रेनेजचा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप लावला. मुद्दाम ४२ सेंमी लांब कापला, टोन लावले, ट्यूनिंग खाली आलं होतं. मग सेंटिमीटर-सेंटिमीटर करवतीने कमी करत आणला. नळी लांब असली की सूर खाली, कापली की वर. पहिलाच खोका करणाऱ्याने म्हणूनच नळी घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

फक्त कंजूषपणा करू नका. याच खोक्याला ३ इंची नळी साधारण साडेअठरा सेंमीत बसते, ४ इंचीला पस्तीसेक लागतात. बारीक नळी सोयीची वाटते, पण आवाज वाढवला की हवा इतक्या वेगाने धावते की संगीताबरोबर फुस्स-फुस्स ऐकू येतं. दोन्ही तोंडांच्या कडा गोल केल्या तर फरक पडतो. आतलं तोंड भिंतीपासून निदान नळीच्या व्यासाइतकं लांब ठेवा.

फटवाल्यांची बाजूही खरी आहे बरं का. मोठा अँप असेल तर मोठं भोक लागतं, आणि ६ इंची नळी इथे ८५ सेंमी लांब होईल! ती डिकीत कुठे कोंबणार? तिथे भिंतीलगत वळवलेली फटच बरी. आणि डिकीत सामान जास्त नेत असाल तर पोर्टच नको, छोटा बंद खोका करा. गाडीच्या बंद केबिनमध्ये खालचे सूर तसेही वाढतात, त्यामुळे वाटतं तेवढं नुकसान होत नाही. पोर्ट असेल तर मात्र अँपचा सबसॉनिक फिल्टर चालू ठेवा. ट्यूनिंगच्या खाली कोनला धरून ठेवणारं कुणी नसतं, तो वेड्यासारखा हलतो आणि फाटतो.

पहिला खोका सध्या गॅलरीत आहे. आईने त्यात कांदे ठेवलेत. हवा छान खेळते म्हणाली.