नळी कापल्याने नेम सुधारतो का?

घरगुती 'गन ट्यूनिंग'चा हव्यास, नेमबाजीचे विज्ञान आणि शस्त्र कायदा

विशेष प्रतिनिधी, नवी मुंबई

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकी पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिच येथे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हाही रायफल हा शब्द मराठी घरांतून असाच कौतुकाने उच्चारला गेला होता. नवी मुंबईकरांना तर या खेळासाठी फार लांब जावे लागत नाही. नवीन पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांनी २००६ साली सुरू केलेला 'लक्ष्य' क्लब आहे. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी अवनी लेखरा त्यांचीच शिष्या, आणि स्वतः शिरूर यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आहे.

खेळाविषयीच्या या आकर्षणाला एक वेगळी वाटही फुटते. परदेशी, विशेषतः अमेरिकी हौशी मंडळींनी गॅरेजमध्ये बंदुकीची नळी बदलल्याच्या, कापल्याच्या किंवा तिला जोड दिल्याच्या चित्रफिती मोबाइलवर विनासायास दिसतात. इथे गॅरेज नसले तरी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात लेथवर कोणतेही काम करून देणाऱ्या वर्कशॉपची वानवा नाही. बंदूक तिथली, यंत्र इथले आणि कायदा मात्र भलताच, अशी ही गुंतागुंत आहे. तिचे दोन भाग पडतात. अशा फेरफाराने नेम खरोखर सुधारतो का, हा पहिला प्रश्न. सुधारो वा न सुधारो, त्याची किंमत काय, हा दुसरा.

लांबी नव्हे, सातत्य

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटेल. नळी जितकी लांब तितका नेम अचूक, हा समज शिकारीच्या गोष्टींतून आला असावा. रायफलच्या नळीच्या आतल्या बाजूस पिळाप्रमाणे फिरत गेलेल्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. गोळीचे वजन, तिची लांबी आणि पिळाचे प्रमाण यांचा मेळ बसला की काम झाले. लांबीचा त्यात दुय्यम वाटा आहे. स्वप्नील ज्या प्रकारात खेळतो त्यातील ५.६ मिलिमीटरच्या, म्हणजे 'पॉइंट टू-टू' काडतुसात दारू इतकी थोडी असते, की साधारण सोळा ते अठरा इंचांतच तिचा जोर संपतो. त्यापुढे नळी गोळीला ढकलत नाही, उलट घर्षणाने किंचित रोखते. तरीही स्पर्धेच्या रायफलींच्या नळ्या लांब दिसतात, कारण पुढची आणि मागची साइट यांतील अंतर वाढले की नेम धरतानाची चूक डोळ्याला लवकर कळते. म्हणजे लांबीचा फायदा गोळीला नसून नेमबाजाच्या डोळ्याला आहे.

याहून नाजूक बाब नळीच्या तोंडाची. गोळी बाहेर पडते त्या शेवटच्या क्षणी मागून येणारा वायू तिच्या भोवती सर्व बाजूंनी सारखाच सुटला पाहिजे. तोंडाच्या कडेवर एका बाजूला केसाएवढी कोर राहिली तरी वायूचा धक्का तिरका बसतो आणि गोळी नेहमी त्याच बाजूला झुकते. कारखान्यात हे तोंड विशेष अवजारांनी नळीच्या अक्षाशी काटेकोर काटकोनात घडवतात. हॅकसॉ आणि कानस यांनी कापलेली नळी पहिल्या फटक्यातच बिघडते ती इथे. शिवाय गोळी सुटताना पोलादाची नळी छेडलेल्या तारेसारखी थरथरते. तिची लांबी, जाडी किंवा तिला लावलेले वजन बदलले की थरथरही बदलते. म्हणूनच नळी लाकडी दस्त्याला कुठेही टेकणार नाही, याची खबरदारी चांगल्या रायफलींत घेतलेली असते. घरी काही जोडले वा काढले की हा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो आणि तो मांडायला घरी साधन नसते.

मग जगातले अव्वल नेमबाज काय करतात? नळीला हात न लावता गोळ्या बदलतात. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे 'लॉट' एखाद्या विशिष्ट नळीतून वेगवेगळे वागतात. बर्मिंगहॅमच्या एली किंवा जर्मनीतील शोनेबेक येथील लापुआ यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात पक्की करून एकेका लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात आणि ज्या लॉटचा गट सर्वांत आटोपशीर पडतो तोच नेमबाज विकत घेतो. हे काम कंटाळवाणे आणि खर्चिक आहे. त्याच्या चित्रफिती कोणी आवडीने पाहत नाही.

'पॉवर'चा भ्रम

नवी मुंबईसारख्या शहरात घरगुती प्रयोगांचे साधन बहुधा एअरगनच असू शकते. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. यापैकी कोणतीही मर्यादा ओलांडली की लागतो. म्हणून 'ट्यूनिंग'चा पहिला मोह जोर वाढवण्याचा असतो. दुकानदारांच्या जाहिरातीही 'सेकंदाला हजार फूट' असल्या आकड्यांनी सजलेल्या असतात.

ऑलिम्पिकमधील दहा मीटर एअर रायफलचे आकडे शेजारी ठेवले की या जाहिरातींची गंमत वाटते. तिथला छर्रा सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने जातो आणि त्याची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे परवान्याविना मिळणाऱ्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ असते अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तो टिपायला जोर लागत नाही, लागते ते प्रत्येक वेळी तंतोतंत सारखे वागणे. कमरेशी बारीक असलेला हलका छर्रा ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास गेला की डळमळू लागतो. कडक स्प्रिंग घातलेली एअरगन छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच पुढेमागे झटके देते. म्हणजे वाढवलेली 'पॉवर' नेम बिघडवते आणि त्याच वेळी बंदुकीला परवान्याच्या कक्षेत ढकलते. हौशी माणूस दोन्हीकडून हरतो.

कायदा काय म्हणतो

शस्त्र कायदा १९५९ हौसेचा विचार करत नाही. 'फायरआर्म' या शब्दाच्या व्याख्येत स्फोटकाबरोबरच 'इतर प्रकारच्या ऊर्जेने' प्रक्षेप्य फेकणारी शस्त्रे येतात आणि आवाज वा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेली जोडसाधनेही येतात. 'शस्त्रे' या व्याख्येत त्यांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही आहे. म्हणजे कुरिअरने आलेली सुटी नळी किंवा सायलेन्सर ही 'फक्त ॲक्सेसरी' आहे, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

कलम ५ नुसार शस्त्र बनवणे, विकणे, दुरुस्त करणे, तपासणे किंवा त्याचे रूपांतर करणे, हे सारे परवान्याशिवाय करता येत नाही. कलम ६ नेमके नळीविषयी आहे. नळी आखूड करणे आणि खेळण्यातल्या किंवा नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे, या दोन गोष्टींना त्यात मूळचीच मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्राचा एक वर्ग बदलून दुसरा करण्याचीही भर त्यात घातली. याच दुरुस्तीने शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी कडक केली. पूर्वी ती किमान तीन आणि कमाल सात वर्षे होती. बंदूक आपली असो वा मित्राची, वापरली गेलेली असो वा नसो, कलमाच्या दृष्टीने फरक पडत नाही. मालकाइतकाच धोका लेथवर 'पाइप कापून दे' म्हटल्यावर काम करून देणाऱ्या कारागिराला आहे आणि याची कल्पना त्याला क्वचितच असते.

नळीच्या लांबीवर कायद्याची एवढी करडी नजर का? आखूड केलेली शॉटगन कपड्याआड लपते, आणि तिच्या तोंडाशी असलेला निमुळता भाग कापला गेल्याने छर्रे लवकर फाकतात. अचूकता घटते, जवळच्या अंतरावरची धास्ती मात्र वाढते. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात असलेल्या उमर्टी गावातून येणारे गावठी कट्टे महाराष्ट्र पोलिसांना वर्षानुवर्षे ठाऊक आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन शस्त्रे बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पिळाच्या खाचांविना बनलेल्या गावठी नळीतून पन्नास पावलांवरचे लक्ष्य टिपणे कठीण. गुन्हेगाराला तेवढे लागतही नाही. ८ जुलै २०२२ रोजी जपानच्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा बळी घेणारे शस्त्रही घरी जुळवलेलेच होते आणि मारेकरी काही मीटरवर होता. जपानचे शस्त्र कायदे जगातील सर्वांत कडक कायद्यांत मोडतात, हेही लक्षात घेण्याजोगे.

पक्ष्यांच्या बाजूने

एअरगनच्या चर्चेत एक पक्षकार नेहमी विसरला जातो. पनवेलपासून जवळच १९६८ पासूनचे कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे आणि पलीकडे ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित पक्ष्याची शिकार हा गुन्हाच आहे, मग छर्रा परवान्याच्या मर्यादेतल्या बंदुकीतून सुटलेला असला तरी. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत दोन हजारांहून अधिक एअरगन गावकऱ्यांनी स्वेच्छेने सरकारजमा केल्या. तिथे शिकार ही परंपरा होती. इथे तीही सबब नाही.

या साऱ्यात प्रामाणिक नेमबाजाची अडचण मात्र खरी आहे. स्पर्धेच्या दर्जाची रायफल आणि तिची नळी जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली अशा देशांतून येते. बिघाड झाला तर अधिकृत दुरुस्ती करणारे कुशल कारागीर देशात मोजकेच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि तिचा मोलाचा वेळ गेला, तेव्हा शस्त्रतंत्रज्ञाचे महत्त्व साऱ्या देशाला कळले होते. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष, मूळचे कोकणातले गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने. सात दशकांत देशाने ऑलिम्पिक सुवर्णापर्यंत मजल मारली, पण परवानाधारक शस्त्रकारागीर घडवणारी व्यवस्था त्या प्रमाणात वाढली नाही. आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नर तयार होतात, त्यांतल्या काहींना क्रीडा-शस्त्रांच्या देखभालीचे, परवान्याच्या चौकटीतले प्रशिक्षण देणे अशक्य नाही. तोवर पनवेलच्या रेंजवरच्या मुलाने रायफलची कुरकुर प्रशिक्षकाकडे न्यावी, आणि प्रशिक्षकाने ती परवाना असलेल्या विक्रेत्याकडे. आयुक्तालयाच्या हद्दीत परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असल्याने शंका असल्यास विचारण्याची जागाही तीच आहे. आणि नेम सुधारायचा असेल, तर नव्या नळीच्या आधी छर्‍यांचे चार वेगवेगळे डबे घेऊन कागदी लक्ष्यावर गट पाडून पाहणे स्वस्त पडते.